नख मधूनच तुटलंय, पार जिव्हाळीपर्यंत. गणपतीपर्यंत भरेल का?

मुग्धा_क | २ जुलै २०२५, रात्री १०:४०

आमच्या स्वयंपाकघरात एक लाकडी खण आहे. पावसाळा लागला की फुगतो आणि अडकून बसतो. नवऱ्याला दरवर्षी सांगते, सुताराला बोलावून जरा रंधा मारून घे. दरवर्षी "दिवाळीत बघू." काल संध्याकाळी किसणी काढायला म्हणून जोर लावून ओढला. खण आला पुढे, उजव्या हाताच्या तर्जनीचं नख राहिलं मागे.

टोकाला तुटलं असतं तर कापून मोकळी झाले असते. हे गुलाबी भागात आडवं चिरलंय. डावीकडून जवळजवळ दोन तृतीयांश सुटलंय, उजव्या कडेला घट्ट आहे. रक्त थोडंच आलं, पण तेव्हा जो ठणका लागला तो अजून आहे. मोजपट्टी लावून पाहिलं: मुळापासून चीर साधारण ६ मिमीवर आहे आणि तिथून गुलाबी भाग संपेपर्यंत अजून ५ मिमी.

आज दिवसभरात कळलं की माणूस सगळं तर्जनीने करतो. लसूण सोलणं, पर्सची चेन, लिफ्टचं बटण, कुकरची शिट्टी काढणं. ओढणीचा धागा त्या चिरेत अडकला तेव्हा तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. लिंबाचं नाव काढू नका.

प्रश्न असे:
सुटलेला तुकडा ओढून काढावा का?
झटपट गम लावून चिकटवलं तर?
२७ ऑगस्टला गणपती आहेत, घरी उकडीचे मोदक माझ्याकडे असतात. तोवर नख भरेल का?

---

कोकणकडा | २ जुलै, रात्री १०:५८

आई गं! वाचूनच बोटं आत घेतली.

ओढू नका. परत सांगतो, ओढू नका. माझ्या पायाच्या अंगठ्याचं असंच अर्धवट सुटलेलं नख मी एका उतरणीनंतर 'एकदाचं जाऊ दे' म्हणून ओढलं होतं. ते सुटल्या जागेपाशी थांबलं नाही, धड होतं तेही सोबत घेऊन गेलं. पुढचे दोन महिने चपलेवर काढले.

---

खडूस_काका | २ जुलै, रात्री ११:१५

नखाएवढ्या गोष्टीवर धागा. चालू द्या.

---

नमू | २ जुलै, रात्री ११:२१

काका, तुमच्या दाढीच्या ब्लेडवर दीडशे प्रतिसाद झाले होते. आम्ही सगळे आलो होतो.

मुग्धा, हळद आणि खोबरेल तेल लाव. आमच्याकडे कशालाही तेच लावतात आणि बरंही होतं.

---

अंशुमती | ३ जुलै, सकाळी ७:०५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बोट न बघता लिहिते आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी शीर्षकाबद्दल. नख 'भरत' नाही. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे मेलेलं केराटिन, केसांसारखंच. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. जखम भरते तशी चीर सांधली जात नाही. नख मुळाशी तयार होतं (अंगठ्यावर पांढरी चंद्रकोर दिसते ना, ती त्या कारखान्याची बाहेर डोकावणारी कड) आणि जुनं पुढे ढकललं जातं. तुमची चीरही तशीच पुढे सरकत जाणार आणि एक दिवस टोकाशी येणार. तुमचं काम एवढंच, की तोपर्यंत ती आणखी आडवी फाटू द्यायची नाही आणि खाली जंतू शिरू द्यायचे नाहीत.

दुखतं ते नख नाही, त्याच्या खालची कातडी. तिथे मज्जातंतूंची दाटी असते. ती हवेला उघडी पडली की झोंबते.

आता काय करायचं. कोमट पाण्यात आठ-दहा मिनिटं बोट बुडवा, नख मऊ होईल. मग कोरडं टिपून बघा. सुटलेल्या तुकड्याचा जो कोपरा कपड्यात अडकतो आहे, तेवढाच धारदार आणि स्वच्छ कात्रीने कापा. चिकटलेल्या भागाच्या जवळ जाऊ नका. उरलेला तुकडा जागेवर खाली दाबून बसवा. तुमचं स्वतःचं नख हेच त्या कातडीचं सगळ्यात चांगलं झाकण आहे. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर न चिकटणारी जाळी (औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉझ मागा) आणि कागदी चिकटपट्टी. साधा कापूस नको, त्याचे तंतू जखमेत रुततात. पट्टी बोटाभोवती करकचून गुंडाळू नका, टोक निळं-पांढरं पडलं तर लगेच सोडा. ओली झाली की बदला.

गम आत्ता नाही. उघड्या जखमेवर तर मुळीच नाही.

हळदीने नुकसान होईलच असं म्हणत नाही, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. आणि पिवळ्या रंगाखाली लाली पसरते आहे का, हे आम्हाला दिसत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं: पू दिसला, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, लाली बोटावरून खाली सरकू लागली, नख मुळातूनच उचकटलं, बोट दारात चेचलं, किंवा मधुमेह आहे. यातलं काहीही असेल तर धागा बंद करून जा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा.

---

मुग्धा_क | ३ जुलै, सकाळी ९:३०

अंशुमतीताई, काय बोलू! कोपरा कापला. हात थरथरत होता म्हणून नवऱ्याला कात्री दिली, तर त्याचा माझ्याहून जास्त. शेवटी डाव्या हाताने मीच.

धनुर्वाताचं आठवेना, म्हणून आज कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन घेऊन आले. मधुमेह नाही.

---

देशमुख_नागपूर | ३ जुलै, सकाळी ११:१२

'जिव्हाळी' हा शब्द किती वर्षांनी वाचला! आमची आजी नख खोल कापलं गेलं की म्हणायची, "जिव्हाळीले लागलं का रे बाप्पा?" आता सगळे म्हणतात 'आत लागलं'. जिव्हाळी, जिव्हारी, जिव्हाळा. तिन्हींत जीव बसलाय, आणि तो नेमका नखाखाली का हे मुग्धाताईंना आज विचारू नका.

---

सुईदोरा | ३ जुलै, दुपारी २:४०

मी घरी ब्लाउज शिवते, बोटांची वाट लावून घेण्यात पंचवीस वर्षं गेली. काही उपयोगाच्या गोष्टी:

औषधाच्या दुकानात बोटापुरती पातळ रबरी टोपी मिळते, फिंगर कॉट म्हणतात. दोन-चार रुपयाला एक पडते. पट्टीवरून ती चढवली की भांडी, कणीक, भाजी सगळं होतं. पण काम झालं की लगेच काढायची. आत घाम धरतो आणि कातडी पांढरी फुसफुशीत होते. मी एकदा दिवसभर ठेवली होती, संध्याकाळी बोट भिजवलेल्या शेंगदाण्यासारखं झालं होतं.

माझं धातूचं अंगुस्तान लावून पाहिलं, उपयोग नाही, वरून दाबतं. बँकेत नोटा मोजायला रबरी टोपण असतं तेही घट्ट बसतं.

लसूण आठ दिवस सोलू नका. पाकळ्या झाकणाच्या डब्यात घालून दणादण हलवा, सालं सुटतात. किंवा नवरा आहेच.

---

टवाळखोर | ३ जुलै, दुपारी ३:०५

नवऱ्याला पण डब्यात घालून हलवायचं?

(हलकेच घ्या.)

---

बर्फाळ | ४ जुलै, पहाटे ४:२०

मिनेसोटाहून. इथे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की दर जानेवारीत एखादं नख जातंच. माझा अनुभव पहिल्या आठवड्यानंतर कामाला येईल, जेव्हा दुखायचं थांबतं पण चीर तशीच असते. खरी पंचाईत तेव्हा असते, कारण आपण बेसावध होतो.

चहाची पुरचुंडी घ्या, म्हणजे टी-बॅग. चहा ओतून टाका, कागद ठेवा. चिरेपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा. नख पुसून पूर्ण कोरडं करा, नखांसाठी मिळणाऱ्या गमचा एक थेंब, त्यावर कागद, काडीने दाबून सपाट करा, वर अजून एक थेंब. वाळलं की बारीक कानशीने घासून गुळगुळीत करा, एकाच दिशेने. पुढे-मागे करवतीसारखं घासलं तर नखाचे पापुद्रे सुटतात. वरून बिनरंगी नेलपॉलिश. मला एक ठिगळ आठ-दहा दिवस टिकतं.

आणि एक. गम सांडला तर कापसाने पुसायला जाऊ नका. हा गम आणि कापूस एकत्र आले की झपाट्याने तापतात, बोट भाजतं. सुती हातमोज्यावर गम सांडून माझ्या मुलाला फोड आला होता.

---

अंशुमती | ४ जुलै, सकाळी ७:४०

बर्फाळ यांचं बरोबर आहे, कापसाचं तर शंभर टक्के. अट एकच: ठिगळ लावण्याआधी खालची कातडी पूर्ण कोरडी आणि न दुखणारी हवी. ओल असताना वरून बंद केलं तर आत जंतू वाढतात. नख हिरवट दिसायला लागतं ते त्यातल्याच एका प्रकारच्या जंतूमुळे. जेल पॉलिश लावून 'झाकून टाकलेल्या' नखांत हे बऱ्याचदा बघते.

ठिगळ ओढून सोलू नका. गरजच पडली तर ॲसिटोनने हळूहळू विरघळवा आणि नंतर तेल चोळा.

नखाखाली टोचणी घालून 'साफ' करायचा मोह आवरा. सुटलेली जागा त्यानेच वाढते.

---

नमू | ४ जुलै, सकाळी १०:१०

नखं लवकर वाढायला कॅल्शियमच्या गोळ्या? माझ्या नखांवर पांढरे ठिपके येतात, सगळे म्हणतात कॅल्शियम कमी आहे.

---

अंशुमती | ४ जुलै, दुपारी १:२५

पांढरे ठिपके बहुतेक वेळा मुळाशी लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात. लागलेलं आपल्याला आठवतही नाही, ठिपका नंतर वर येतो. कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही.

पुढचा प्रश्न येणार म्हणून आत्ताच लिहिते: बायोटिन, म्हणजे नखा-केसांसाठी म्हणून घेतात ते जीवनसत्त्व. ज्यांच्यात कमतरता आहे त्यांना उपयोग, बाकीच्यांनी नखाच्या वेगासाठी फार आशा ठेवू नये. मोठ्या डोसमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, थायरॉइडच्या आणि हृदयविकारात करतात त्या ट्रोपोनिनच्या सुद्धा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये तसा इशाराच दिला होता. घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

---

गणिती_गोगलगाय | ४ जुलै, रात्री ९:५०

मूळ प्रश्नाचा हिशोब कोणीच केला नाही, म्हणून करतो.

हाताचं नख महिन्याला सरासरी ३ मिमी वाढतं, म्हणजे दिवसाला ०.१. (पायाचं याच्या निम्म्याने, म्हणून कोकणकडा यांचा अंगठा पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागलं असणार.) तुम्हाला ५ मिमी अंतर काटायचं आहे. ५० दिवस. १ जुलै अधिक ५० म्हणजे २० ऑगस्ट. गणपतीच्या आधी आठवडाभर हातात.

अवांतर, पण राहवत नाही. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखाची वाढ ३५ वर्षं मोजली. मुळाशी खूण करायची आणि ती टोकाला कधी पोचते ते बघायचं. बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिमी होती, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. ते त्यांनी १९८०मध्ये रीतसर छापलं. खडूस काका, तुम्ही 'नखाएवढी गोष्ट' म्हणालात.

---

खडूस_काका | ४ जुलै, रात्री १०:३०

मी वाचतोय. लिहीत नाही एवढंच.

अवांतरात भर: आपल्या पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२पासून डाव्या हाताची नखं कापली नव्हती. जुलै २०१८मध्ये न्यूयॉर्कला कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंमी भरली. नऊ मीटर! गिनीज बुकात आहे. तो हात मात्र कायमचा आखडला. रात्री झोपताना ते काय करत असतील हा विचार मला आजही छळतो.

---

सारंगीवाला | ६ जुलै, सायंकाळी ६:१५

आमच्या वाद्यात तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत. नख जिथे कातडीतून बाहेर येतं तिथली बाजू तारेला लावतात. त्यामुळे नखाच्या मुळाशी घट्टे पडतात, आणि तिथे काही झालं की रियाझ बंद. हात सरकायला टाल्कम पावडर लावतो, ती चिरेत गेली की वेगळाच त्रास.

गेल्या वर्षी मधल्या बोटाचं नख तुमच्यासारखंच गेलं. पहिले पंधरा दिवस वाद्याला हात लावला नाही. माझी चूक त्यानंतरची. दुखेना म्हणून मेहनतीला बसलो आणि चीर एक पायरी मागे सरकली. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मोजणी. बर्फाळ यांनी 'बेसावध' म्हटलंय ते अगदी खरं आहे.

गिटारवाले मित्र टेबलटेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखाला चिकटवतात. मजबूत असतो, पण तो टोकाला आधार म्हणून. मधल्या चिरेवर नको.

---

मुग्धा_क | १३ जुलै, रात्री १०:०५

बारा दिवस झाले. हाल कळवते.

पहिले तीन दिवस ठसठस होती, रात्री बोट उशीवर उंच ठेवून झोपले. चौथ्या दिवशी कमी झाली. सातव्या दिवशी पट्टी काढून अर्धा तास उघडं ठेवलं, झोंबलं नाही. काल चहाच्या कागदाचं पहिलं ठिगळ लावलं. दोनदा फसलं. पहिल्यांदा कागद माझ्या अंगठ्याला चिकटला, दुसऱ्यांदा सुरकुती पडली. तिसऱ्यांदा बसलं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "पापडासारखं दिसतंय." पण आज ओढणी अडकली नाही.

कोणी सांगितलं नव्हतं अशी एक गोष्ट: शाम्पू. केसात बोटं घातली की चिरेत केस जातो. आता त्या बोटाला वर करून, कोणाला तरी दटावत असल्यासारखी, चार बोटांनी केस धुते.

---

टवाळखोर | १३ जुलै, रात्री १०:२२

ऑफिसात टाइप करतानाही तर्जनी वर असेल तर साहेब घाबरत असतील.

---

मुग्धा_क | १३ जुलै, रात्री १०:३१

साहेब नाही, मीच. ज, ह, न सगळे मधल्या बोटाने. काल एका ग्राहकाला 'महोदय'च्या ऐवजी 'मोदय' गेलं.

---

सुईदोरा | १४ जुलै, दुपारी १:१५

मोदयवरून मोदक आठवले. पुरेल तेवढं जपा.

---

मुग्धा_क | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढतेय.

आज मोजलं: मुळापासून ९.५ मिमी. ३५ दिवसांत साडेतीन. गोगलगाय, तुमच्या नावाला शोभेल असा वेग आहे, पण आकडा चोख!

तिसरं ठिगळ चालू आहे. मध्ये राखीपौर्णिमेच्या खरेदीत एका दुकानाच्या काचेच्या दाराला बोट लागलं आणि श्वास अडकला. ठिगळाने झेललं, चीर वाढली नाही. त्या चिरेच्या मागे नखावर एक आडवा खळगा दिसतोय. काळजीचं आहे का?

---

अंशुमती | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

एकाच नखावर असेल तर बहुधा त्याच दिवशीच्या झटक्याचा. मुळाला हिसका बसला की तिथली वाढ थोडा वेळ थबकते आणि तेवढी पन्हळ उमटते. तीही पुढे सरकत निघून जाईल. सगळ्या नखांवर एकदम आडव्या पन्हळी आल्या तर मागे मोठं आजारपण झालं होतं का ते बघावं लागतं. फ्रेंच डॉक्टर बो यांनी हे १८४६मध्ये लिहून ठेवलं, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. कोविडनंतर असे पुष्कळ हात आम्ही पाहिले.

---

मुग्धा_क | २३ ऑगस्ट, सकाळी ११:००

काल रात्री चीर गुलाबी भागाच्या बाहेर आली. आज अंघोळीनंतर नखं मऊ असताना कापली. तो तुकडा, ठिगळासकट, निघाला. काहीच दुखलं नाही. इतकं सहज झालं की थोडं हिरमुसल्यासारखंच वाटलं.

तारीख २२. गोगलगाय दोन दिवसांनी चुकले, त्यातला एक माझ्या मोजपट्टीचा धरा.

---

कोकणकडा | २३ ऑगस्ट, सकाळी ११:१४

अभिनंदन! तुकडा जपून ठेवला नाही ना?

---

मुग्धा_क | २३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

...कागदात आहे. आज टाकणार आहे.

---

मुग्धा_क | २८ ऑगस्ट, दुपारी ४:४५

एकवीस मोदक झाले. शिवाय घरच्यांसाठी बारा. उकड गरम असतानाच मळली, तेलपाण्याच्या हाताने, बोटाने हूं की चूं केलं नाही.

आणि आता गंमत. मी मुखऱ्या काढायला बसले तर सासूबाई शेजारी बसून म्हणाल्या, "अगं, नखाने कशाला चिमटतेस? पारी फाटते. पेराने घे." म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं करत होते, आणि ज्या नखासाठी पन्नास दिवस श्वास रोखला त्याचं मोदकात काही काम नव्हतंच!

---

देशमुख_नागपूर | २८ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

हा हा हा! फोटो टाका, नखाचा नको, मोदकांचा.

---

खडूस_काका | २८ ऑगस्ट, सायंकाळी ६:०२

सगळं ठीक. खणाचं काय झालं?

---

मुग्धा_क | २८ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

अडकतोच आहे. मी आता उलथन्याने उघडते. दिवाळीत बघणार आहेत.